मापाचा कागद

सुभाषनगरात माझी दहा बाय बाराची खोली,
तिलाच दुकान म्हणायचं.
रापीला धार लावत बसलो होतो
तेवढ्यात दोघं दारात. दोघंही गोरी, घामेजलेली.
मी म्हणालो, इंग्लंड?
पुरुष म्हणाला, होय.
बाई म्हणाली, नाही नाही नाही.
इतक्यांदा नाही
आमच्यात फक्त सोयरीक मोडताना म्हणतात.

बाई कॅनडाची. विनिपेग. मार्लीन.
तो लीड्सचा, नॉर्मन.
अंबाबाईच्या रांगेत ओळख झाली म्हणे,
दुपारी तांबडा-पांढरा एका टेबलावर ओरपला
आणि तेव्हापासून भांडायलेत.
हे सगळं प्रणोती सांगायची मला. पुतणी.
विद्यापीठात एमएस्सीला आहे, इंग्रजी पाण्यासारखं.

बाईनं बूट उंबऱ्याबाहेर काढले, कुणी न सांगता.
तो बुटांसकट आत.
ती म्हणाली, ह्यांच्याकडं असंच, गालिच्यावर बूट.
तो म्हणाला, ह्यांची माणसं दाराला धडकली
तर दाराची माफी मागतात.
तुम्ही नाही का मागत?
मागतो. पण मनापासून नाही.

मग पाय.
कागदावर पाऊल ठेवायचं, कडेनं शिसपेन्सिल फिरवायची.
पाय धरला की माणूस खरं बोलायला लागतो,
चाळीस वर्षं बघतोय.
ती म्हणाली, त्यांना वाटतं आम्ही त्यांचंच धाकटं पोर,
लांब बर्फात खेळायला गेलेलं.
पोराला नातवंडं झाली, ते कुणी कळवलंच नाही त्यांना.
तो म्हणाला, ह्यांना वाटतं आम्ही सगळे किल्ल्यात राहतो.
मी बसडेपोच्या मागं राहतो.
मग खाली बघून म्हणाला,
मावशी गेली होती कॅनडाला, बोटीनं.
नाताळात फोटो यायचा, लांबलचक मोटार, दारात ती.
आईनं तो फोटो कपाटावर पालथा ठेवला होता.
बाई काही बोलली नाही.
पेन्सिल अंगठ्यापाशी आली होती, मीही थांबलो.

विंचू घालू का, विचारलं, चालताना करकरेल.
तो म्हणाला, घाला, जोरात वाजू दे.
ती म्हणाली, मला नको, शेजाऱ्यांना त्रास.
बघितलं? तो म्हणाला.
ती म्हणाली, तुम्हाला स्वतः बोलायला नको
म्हणून चप्पल बोलायला पाहिजे.
प्रणोती हसता हसता सांगायचीच विसरली, मला नंतर कळलं.

पाकिटं उघडली. रुपयांच्या आड
दोघांकडं एकच म्हातारी, मुकुटातली का बिनमुकुटाची
मी नीट बघितलं नाही.
वाटणी झाली तरी आईचा फोटो दोन्ही घरांत असतो, तसं.

मी मधे पडलो नाही.
कारण अथणीला माझा चुलतभाऊ आहे, मल्लाप्पा.
पणजा एक. आरी धरायची पद्धत एक.
तो कन्नडात शिव्या देतो, मी मराठीत हिशेब ठेवतो.
मी इथं गिऱ्हाइकाला सांगतो,
त्यांचं कातडं बरं, पण वेणीला आमचा हात नाही.
तो तिथं सांगतो,
नाव कोल्हापूरचं, हात आमचे.
गेल्या दिवाळीत त्याचे तीस जोड आले,
मी माझेच म्हणून विकले.
एक उरला होता, करकरणारा.
माप घेतलं, कागद जोडाला लावला
आणि नॉर्मनच्या पायात तोच बसला, बेतल्यासारखा.
किती सुरेख, तो म्हणाला, कोल्हापूर!
मी मान हलवली.

बाईचा जोड आठ दिवसांनी, पोस्टानं.
दोघं गेली. त्याची करकर वळणापर्यंत ऐकू येत होती,
मग थांबली. तिनं काहीतरी दाखवलं असेल,
किंवा तिची वाट बघत असेल.

कागद एकच उरला होता,
म्हणून दोघांची पावलं मी एकावर एक काढली होती.
आता तिची टाच कुठली, त्याची कुठली,
चष्मा लावून शोधत बसलो.
मग फोन लावला अथणीला.
तो म्हणाला, हेळ.
मी म्हणालो, तूच सांग.
बराच वेळ दोघांकडंही
नुसता कातड्यावर हातोडी पडल्याचा आवाज.